लाल रेघ न येणारे शब्द

तालुक्याच्या गावी कोर्टाशेजारी माझं डीटीपीचं दुकान आहे. मध्यंतरी एका दूधवाल्याने उद्घाटनासाठी मोठा फ्लेक्स छापून घेतला. मजकूर भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला, छपाई दुसऱ्या गावची. बोर्ड चढला, तर त्यावर डी-आय-ए-आर-वाय. म्हणजे दुधाची डेअरी नव्हे, रोजनिशी लिहायची डायरी. कॉलेजच्या पोरांनी फोटो काढून गावभर फिरवला. नवा मजकूर घेऊन मालक माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, कॉम्प्युटरला एवढंही कळू नये?"

नाहीच कळत. लाल रेघ येते ती शब्दकोशात नसलेल्या शब्दाखाली, आणि डायरी काय, डेअरी काय, दोन्ही त्याच्या कोशात आहेत. लग्नाच्या बायोडाटात 'मॅरिटल स्टेटस' लिहिताना टी आणि आयची अदलाबदल झाली की वैवाहिक स्थितीची लष्करी स्थिती होते. (काही घरांत फरक नसेलही.) रजेच्या अर्जातल्या 'कॅज्युअल'मध्ये एस आणि यू उलटे पडले की 'कॉझल' उरतं. हा शब्द तर्कशास्त्रात चालेल, पण रजा त्यावर मिळत नाही.

आपली अडचण आणखी एक आहे. मराठी आपण कानाने लिहितो. दिन आणि दीन यांत घोटाळा झालाच, तर तो वेलांटीपुरता. इंग्रजीत मात्र कान दगा देतो. कॉलेजचे प्रिन्सिपल आणि तत्त्व या अर्थाचं प्रिन्सिपल उच्चारात तंतोतंत एक. म्हणून शब्दाला काहीतरी खूण बांधून ठेवावी. नियमाला 'रूल' म्हणतात, त्याच्या शेवटी एल-ई. तत्त्वाच्या शेवटीही तेच. उरलं ते पी-ए-एल, म्हणजे मुख्य: कॉलेजचा मुख्य माणूस आणि कर्जाची मुख्य रक्कम, आपली मुद्दल. कर्जाच्या कागदात इथे तत्त्व घुसलेलं मी अनेकदा पाहिलंय.

वह्या-पेनांच्या स्टेशनरीची खूण मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यामागे इतिहास आहे. मध्ययुगीन युरोपात विक्रेते बहुतेक फिरते असत. विद्यापीठाजवळ एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर. लंडनमध्ये या लोकांच्या संघाला १५५७मध्ये राजसनद मिळाली. स्टेशनरच्या शेवटी ई-आर, म्हणून त्याच्या मालातही ई. 'एका जागी उभं' या अर्थाच्या शब्दात ए. मूळ एकच, वाटा दोन.

ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, त्यात सी. सल्ला देणं या क्रियापदात एस. ब्रिटिश पद्धतीत लायसन्स आणि प्रॅक्टिसलाही हाच नियम लागतो: नाम असेल तर सी. आपल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर तसंच छापलेलं असतं. अमेरिकन इंग्रजीत लायसन्सला नेहमी एस आणि प्रॅक्टिसला नेहमी सी. त्यामुळे कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन ठेवलेली असली, तर तो बरोबर शब्दाखालीच लाल रेघ ओढतो आणि माणूस घाबरून चुकीचा शब्द टाकतो. आधी ती सेटिंग बघा.

बाकी लूज-लूझ, क्वाइट-क्वाएट या जोड्या प्रत्येकाच्या निराळ्या. आपण नेमके कुठे अडखळतो ते चार-सहा शब्द कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. मजकूर पूर्ण झाला की फाइंडमध्ये त्यातला एकेक शब्द घालून प्रत्येक जागा तपासा. पडद्यावर सलग वाचलं की डोळा लिहिलेलं वाचत नाही, मनातलं वाचतो. त्यामुळे प्रिंट काढा आणि ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाला वाचायला द्या. अर्ज पाठवायची घाई असली तरी एवढं कराच. तपासणीच्या प्रिंटला दोन-चार रुपये लागतात.