डीजेची पेटी : तबकडीची चोरी आणि नावाची चोरी



'डीजे' म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत उभी राहते. पण डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा. त्याची खरी दौलत म्हणजे तबकड्यांची पेटी. 'आपल्या वस्तूंची काळजी' हा विषय पाचवी-सहावीला शिकवताना हे उदाहरण जरूर घेऊन बघा. 'वह्या-पुस्तकांवर नाव घाला' एवढ्यावर मुलं ऐकत नाहीत, गोष्ट सांगितली की कान टवकारतात.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीनं पार्टी ठेवली. शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिकीट लावलं : मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा जन्म याच पार्टीपासून मोजतात. गाणं थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्याला लोक जास्त नाचतात हे हर्कनं हेरलं होतं. तो तुकडा लांबवायला तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायचा. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू. म्हणजे जोडीतली एक जरी गेली, तरी सगळा खेळच बसला!

आता चोराच्या बाजूनं विचार करायला सांगा. शंभर तबकड्यांची पेटी वीस किलोच्या पुढे जाते, ती कोण उचलणार? पण एकच तबकडी कोटाखाली सहज सरकते. खोलीत अंधार, गर्दी, डीजेचे दोन्ही हात गुंतलेले. म्हणून पेटी टेबलाच्या मागे, भिंतीला लागून ठेवायची. एका विश्वासू मित्राकडे फक्त पेटीवर लक्ष ठेवायचं काम द्यायचं. 'जरा बघू' म्हणणाऱ्याच्या हातात तबकडी द्यायची नाही. यादी घरी, वहीत. निघताना मोजायच्या, आणि पार्टी संपल्यावर वायरी सोडवण्याआधी पुन्हा मोजायच्या, कारण सगळ्यात गोंधळ आवराआवरीतच असतो. (स्नेहसंमेलनानंतर आपल्या शाळेतलं सामान कधी हरवतं, आठवा.) तबकडीच्या मधल्या गोल कागदावर पक्क्या शाईनं नाव लिहिलं की तिची विक्रीची किंमत घटते खरी, पण माझ्या मते वाजवणाऱ्यानं ते करावंच. चोरालाही ती विकणं अवघड जातं.

गंमत पुढे आहे. हर्क नेमका हाच कागद पाण्यात भिजवून काढून टाकायचा! त्याला भीती दुसऱ्याच चोरीची होती. इतर डीजे टेबलाशी येऊन गाण्याचं नाव वाचायचे आणि दुकानातून तीच तबकडी आणायचे. पेटीतून काहीच गेलं नाही, तरी हर्कचं वेगळेपण गेलं. ही युक्ती त्याच्या जन्मभूमीत, जमैकात, जुनीच होती. तिथं १९५० च्या दशकात कॉक्सन डॉड यांनी अमेरिकन वादक विलिस जॅक्सनची एक धून तबकडीवरचं नाव खरवडून 'कॉक्सन हॉप' या नव्या नावानं वाजवली. प्रतिस्पर्धी ड्यूक रीड यांनी मूळ तबकडी शोधून काढली, तेव्हा कुठे ते गुपित फुटलं.

इथं थांबून मुलांना विचारा : तबकडी पळवणं आणि तिचं नाव बघून तीच विकत आणणं, दोन्ही चोरीच का? वर्ग दोन गटांत विभागा, वाद होऊ द्या. कोणी तरी म्हणेलच की नाव लपवणारासुद्धा मूळ वादकावर अन्याय करतोय. ऐकणाऱ्याला कलाकार कोण हे कळतच नाही. मला हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो. मग एक अवघड प्रश्न टाका : नाव काढून टाकलेली तबकडी चोरीला गेली आणि नंतर कोणाकडे सापडली, तर ती आपलीच हे हर्कनं सिद्ध कसं करायचं?

जाता जाता हेही सांगा, की १९८६ पासून अमेरिकेत 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' नावाची संग्रहमालिका निघाली. डीजेंनी जपलेली तसली कितीतरी गाणी त्यात नावानिशी छापून आली, आणि ती दुकानात कोणालाही मिळू लागली.