टायरमधली हवा आणि घाटातलं वळण



गेल्या वर्षी गणपतीला आम्ही गाडीने कोकणात निघालो होतो. घाटात भुरभुर पाऊस, आणि प्रत्येक वळणावर गाडीची मागची बाजू किंचित बाहेर जातेय असं वाटत होतं. खाली उतरून हवा तपासली तर मागच्या दोन्ही टायरमध्ये ३२ ऐवजी जेमतेम २२ पीएसआय! निघण्यापूर्वी मी टायरकडे नुसतं बघितलं होतं. बघून ते कळत नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला घाटात कळलं. असो. पण त्यातून वर्गासाठी एक छान पाठ मिळाला.

सुरुवात 'बल व दाब' पासून करा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. माणसांसकट १२०० किलोची गाडी धरा. एका चाकावर साधारण ३०० किलो, म्हणजे अंदाजे ३००० न्यूटन. ३३ पीएसआय म्हणजे सुमारे २,२८,००० पास्कल. भागाकार केला की क्षेत्रफळ येतं जवळजवळ १३० चौरस सेंमी. हे म्हणजे एक पोस्टकार्ड! (टायरच्या बाजूची भिंतही थोडा भार पेलते, म्हणून हा अंदाजच.) अख्खी गाडी, आत बसलेली आपली मुलं, सगळं चार पोस्टकार्डांवर रस्त्याला धरून असतं. हे सांगितलं की मुलं गप्प होतात.

आता वळण. वळायला अभिकेंद्री बल लागतं आणि ते रस्ता व टायर यांच्यातल्या घर्षणातूनच मिळतं. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किमी वेगाला आपल्या गाडीला सुमारे ४,१७० न्यूटन बल हवं. वेग ४० केला की ७,४०० न्यूटन, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ धरला तर मिळणारं बल फक्त ५,९०० च्या आसपास. म्हणजे ३० ला गाडी वळते, ४० ला घसरते. हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या.

इथे एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, "सर, घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं ना? मग हवा कमी-जास्त असल्याने काय होतं?" प्रश्न टाळू नका, धड्यातला सगळ्यात चांगला भाग हाच आहे. तो नियम लाकडी ठोकळ्याला बऱ्यापैकी लागू पडतो, रबराला नाही. रबर मऊ असतं, रस्त्याच्या खडबडीत कणांत रुतून बसतं. एकाच जागी जास्त दाबलं तर त्या प्रमाणात पकड वाढत नाही. म्हणून भार पूर्ण पट्ट्यावर सारखा पसरलेला बरा.

"मग हवा कमी करून पोस्टकार्ड मोठं करूया की!" वाळूत अडकलेली गाडी काढताना खरंच तसं करतात. रस्त्यावर मात्र हवा कमी झाली की भार टायरच्या दोन्ही कडांवर जातो, मधला भाग सैल पडतो. बाजूची भिंत वळणावर आडवी कलते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी उशिरा ऐकते. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. मागच्यात कमी असेल तर शेपूट बाहेर निघतं, आमचं झालं तसं. हवा जास्त भरली तर टायर मध्येच टेकतो आणि खड्ड्यांवर उड्या मारतो. तिथेही पकड गेली.

पावसात आणखी एक भानगड. साचलेलं पाणी टायरखालून बाजूला सारायला आतला दाब उपयोगी पडतो. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून दाखवलं की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने गोटा झालेला टायर ३३ पीएसआयला ताशी ९५ किमीच्या सुमारास तरंगतो, २२ ला ७८ लाच.

प्रयोगाला गाडी नको, सायकल पुरे. चाक ओलं करून आलेख कागदावर टेकवा, एका मुलाला वर बसवा, दोघांनी सायकल धरा. ठसा पेन्सिलने गिरवून चौकोन मोजा. मग थोडी हवा सोडून पुन्हा.

आणि पालकहो, योग्य आकडा टायरवर शोधू नका, तिथे कमाल मर्यादा लिहिलेली असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर मुलांनाच वाचायला लावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. स्टेपनीचीसुद्धा.