सरासरी येते, पण कळत नाही

प्रश्न : सातवीची मुलं सरासरी अचूक काढतात, पण अर्थ विचारला की गप्प. काय करावं?

उत्तर : बाई, पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवा. पाच जणांना विचारा, घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात? समजा आलं ५, ८, १०, १२ आणि ६५. सरासरी २०, पण २० मिनिटं लागतात कुणाला? कुणालाच नाही! लांबच्या वाडीवरच्या एकट्याने ती ओढून नेली. आता चौकटीच्या कागदावर स्तंभालेख काढा. उंच स्तंभाचे वरचे ४५ चौकोन कापून बाकीच्यांना १५, १२, १०, ८ असे वाटा. पाचही स्तंभ २० वर येतात. सूत्राआधी हे कापणं हवंच. मधला आकडा १०, तोही दाखवा. ‘मध्यक’ हा शब्द नंतर आला तरी चालेल. कात्री मात्र मुलांच्याच हाती द्या.