हंड्याचं वजन, तेलाचा डबा आणि छपरावरचं पाणी



या अंकात थोडं विज्ञान बोलू. कागद-पेन नंतर काढा, आधी घरातला वजनकाटा काढा.

जी वस्तू जागा व्यापते आणि जिला वजन असतं, तिला पदार्थ म्हणतात. पाणी, दगड, नागली, हवासुद्धा. जागा आपण लिटरमध्ये मोजतो, वजन किलोत. तेवढ्याच जागेत किती वजन मावतं, त्याला घनता म्हणायचं. पाण्याचा हिशोब सोपा आहे: 1 लिटर म्हणजे 1 किलो. हा योगायोग नाही. 1790 च्या दशकात फ्रान्समध्ये किलोचं माप ठरवलं तेच लिटरभर पाण्यावरून.

म्हणजे 15 लिटरचा हंडा आणि त्यावर 7 लिटरची कळशी, की डोक्यावर 22 किलो झाले. भांड्यांचं वजन वेगळंच. "बाईला सवय असते" असं कोणी म्हणालं तर हा आकडा सांगा.

तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं. 1 लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं, पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. गटासाठी डबा घेताना हे फार कामाचं आहे. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा दिसायला जवळपास सारखेच. पण 15 लिटरमध्ये तेल भरतं साधारण 13 किलो 650 ग्रॅम. भाव विचारताना "किलो का लिटर?" हे आधी विचारायचं, मगच दोन दुकानांची तुलना करायची.

आता पाण्याचा वेगळेपणा. तूप थिजताना आकसतं, म्हणून बरणीत मधोमध खोलगट होतं, आणि थिजलेला गोळा पातळ तुपात तळाला जातो. बहुतेक पदार्थ असेच वागतात. पाणी मात्र गोठताना फुगतं, जवळजवळ एक दशांशाने. म्हणून बर्फ तरंगतो आणि फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली फुटते. काश्मीरमधली तळी थंडीत वरून गोठतात, खाली पाणी राहतं, मासे जगतात. बर्फ बुडाला असता तर तळापासून सगळंच गोठत गेलं असतं.

दुसरी खोड म्हणजे पाणी खूप गोष्टी स्वतःत विरघळवतं. मीठ विरघळलं की दिसत नाही, पण असतं. तसंच शेतातलं खत विहिरीत उतरलं तरी पाणी स्वच्छच दिसतं. जंतू तर विरघळतही नाहीत, इतके बारीक असतात की दिसतच नाहीत. नितळ म्हणजे पिण्याजोगं, असं समजू नका.

आता कागद-पेन घ्या. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. आपल्या पेठ तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घराचं छप्पर 16 बाय 20 फूट धरा, म्हणजे सुमारे 30 चौरस मीटर. 30 गुणिले 2,000 म्हणजे 60,000 लिटर. हंडे किती? चार हजार! एवढं पाणी आपल्याच छपरावरून ओघळून ओढ्याला, तिथून दमणगंगेला आणि पुढे समुद्राला जातं. खाली काळा पाषाण, भेगा असतील तिथंच मुरतं. आणि एप्रिलमध्ये आपण हंडा घेऊन निघतो.

सगळं साठवणं कोणालाच जमणार नाही. पण 5,000 लिटरची टाकी पावसाळा संपताना भरून झाकून ठेवली आणि मार्चच्या मध्यावर उघडली, तर रोज चार हंडे धरून ऐंशी दिवस पुरते, म्हणजे जूनपर्यंत. पत्र्याला पन्हळ लावायची, पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, टाकीच्या तोंडाला जाळी बांधायची आणि प्यायचं पाणी उकळून घ्यायचं.

टाकी घ्यायचा विचार असेल तर ओट्याचा खर्च आधी धरा. 5,000 लिटर म्हणजे 5 टन. कच्च्या ओट्यावर ठेवली तर ओटा खचतो आणि टाकी कलते.