संगणकाच्या पेटीतला ताप

आपल्या शाळेतला जुना संगणक दिवाळीच्या सुट्टीनंतर दहा मिनिटांत आपोआप बंद पडू लागला, हे तुम्ही पाहिलेच आहे. कुणी म्हणे व्हायरस आला, कुणी म्हणे लाइट कमी येते. पण थोडा वेळ थांबले की तो पुन्हा सुरू व्हायचा. माझे मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. ते म्हणाले, "गार झाल्यावर चालतो ना? मग दुखणं उष्णतेचं आहे." बाईंनी त्यांना शनिवारी शाळेत बोलावले.

संगणकाच्या मागच्या बाजूस पत्र्याची एक पेटी असते. तिला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेपासून ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करते. हे करताना ती तापते, म्हणून आत पंखा असतो. आमचा पंखा धुळीने जाम झाला होता. बोटाने ढकलला तरी धड फिरेना.

आता पालकांनीही हे नीट वाचावे. पिन काढली तरी या पेटीतल्या दोन मोठ्या कपॅसिटरमध्ये मिळून ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. झटका जिवावर बेतू शकतो. मामांनी आधी ती वीज उतरवली, मीटर लावून शून्य पाहिले, मगच हात घातला. आम्हाला चार हात लांब उभे केले होते. घरी ही पेटी कुणीही उघडू नये.

आत दोन छोटे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले होते, अगदी पुरीसारखे! कपॅसिटरमध्ये पातळ द्रव असतो. तो उष्णतेने आटतो, मग वीज स्थिर राहत नाही. म्हणून लाल तारेवर ५ ऐवजी ४.४ व्होल्टच दिसत होते. ४.७५ च्या खाली गेले की बिघाड समजावा. एका जागी पाटीही करपून तपकिरी झाली होती आणि तिथल्या डाखाला भेग पडली होती. ती भेग मला भिंग लावूनच दिसली.

मामांनी नवे कपॅसिटर आणले. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट जुन्याइतके किंवा जास्त, आणि अंगावर १०५ अंश लिहिलेले. ८५ अंशांचे स्वस्त मिळतात, पण या तापात ते लवकर जातात. कपॅसिटरवर पट्टा असतो ती बाजू ऋण. उलटा बसवला तर फुटतो. भेगेवर नवा डाख दिला. पंख्याला शिलाई मशीनचे तेल घालू का, असे मी विचारले. "चार दिवस चालेल," असे म्हणून त्यांनी नवाच बसवला.

पहिल्यांदा वीज थेट न देता मध्ये एक बल्ब जोडला. बल्ब झगझगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. आमचा बल्ब क्षणभर चमकला आणि मंद झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

एक सांगायचे राहिले. धूळ बसू नये म्हणून संगणक चालू असतानाही त्यावर खोळ घालणारा मीच होतो. पेटीची हवा त्यानेच कोंडत होती. बाई रागावल्या नाहीत. आता खोळ शाळा सुटताना, संगणक बंद केल्यावर घालतो, आणि टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आहे. सोमवारी संगणक सलग तीन तास चालला. मामांनी पुन्हा मोजले, लाल तारेवर ५.०५ व्होल्ट होते.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी