रक्तदाब, मोबाईल आणि आमची आजी

विज्ञानाने माणसाच्या हाती नवनवी साधने दिली. परंतु साधन हाती आले म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आज मोबाईलवर अनेक अ‍ॅप्स मिळतात. त्यांचा खरा उपयोग कोणता आणि मर्यादा कोणत्या, याचा विचार मी प्रस्तुत लेखात करणार आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. हा विषय मला पुस्तकाआधी आमच्या आजीने शिकविला.

प्रथम रोगाविषयी. रक्त वाहताना धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो, तो रक्तदाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा आणि सैल पडते तेव्हाचा खालचा. दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर सामान्यतः उच्च रक्तदाब समजतात. हा रोग बहुधा काहीच दुखवीत नाही, आणि हेच त्याचे कपट होय. दुखत नाही म्हणून माणूस गोळी सोडतो आणि एके दिवशी पक्षाघात किंवा हृदयविकार दारात उभा राहतो.

आमच्या आजीनेही गोळी सोडली होती. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?" हा तिचा प्रश्न. आरोग्य केंद्रातील सिस्टरांनी बजावल्यावर तिने पुन्हा गोळ्या आणल्या. मी उत्साहाने माझ्या मोबाईलवर गोळीची आठवण करून देणारे अ‍ॅप घेतले. पण मोबाईल माझ्या खिशात, मी कॉलेजात आणि गोळ्या घरी फडताळात! सकाळी नऊला घंटा वाजे, तेव्हा मी तासाला बसलेला असे. आजीने गोळी घेतली असेलच असे धरून मी 'घेतली' या शब्दावर बोट टेकवी. महिनाभरात एकही खाडा नाही, असा सुंदर तक्ता तयार झाला. तो घेऊन मी ऐटीत आजीबरोबर केंद्रात गेलो. आकडा निघाला १७८/१०४. आजीच्या पिशवीतून निम्म्याहून अधिक गोळ्या तशाच निघाल्या. तक्ता खोटा होता, आणि तो मीच भरला होता.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले. २०१८ साली अमेरिकेत ४११ रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काहींना आठवण देणारे अ‍ॅप दिले होते. बारा आठवड्यांनी अ‍ॅपवाल्यांनी औषध घेण्यात किंचित सुधारणा झाल्याचे सांगितले. रक्तदाबात मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडमधील १,१८२ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे काही रुग्णांनी घरी रक्तदाब मोजून आकडे डॉक्टरांना कळविले, कोणी मोबाईलवरून तर कोणी कागदावर. आणि डॉक्टरांनी त्यानुसार औषध कमीजास्त केले. वर्षाने त्यांचा वरचा आकडा इतरांपेक्षा सरासरी साडेतीन ते पाच अंकांनी कमी भरला. मोबाईल आणि कागद यांत मात्र मोठा फरक आढळला नाही. याचा अर्थ उघड आहे: आकडा कोठे लिहिला याहून तो कोणी वाचला, हे महत्त्वाचे.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत आमचा सातारा, तसेच भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. या उपक्रमात वापरले जाणारे 'सिंपल' नावाचे अ‍ॅप मुख्यतः आरोग्य सेवकांसाठी आहे. रुग्णाचा रक्तदाब व औषध त्यात नोंदवितात. आणि ठरल्या दिवशी जो आला नाही, त्याचे नाव यादीत दिसते. मग त्याला फोन जातो. येथे यंत्र नाव दाखविते. विचारपूस माणूस करतो.

एक इशाराही द्यावासा वाटतो. केवळ मोबाईलवर बोट टेकवून रक्तदाब सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नये. अशाच एका अ‍ॅपची अमेरिकेत तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, रक्तदाब वाढलेल्या चारांपैकी तिघांहून अधिक जणांना त्याने 'ठीक' ठरविले होते! दंडाला पट्टा बांधणारे प्रमाणित यंत्रच घ्यावे. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीवर असावा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

आता आमच्या घरी घंटा सकाळी सातला, आजीच्या चहाच्या वेळी वाजते. ती माझ्यासमोर गोळी घेते, मग मी नोंद करतो. गेल्या खेपेस आकडा १३८/८४ होता. तक्ता पूर्वीइतका सुंदर राहिलेला नाही. कारण खाडा पडला, तर मी आता खाडाच लिहितो, आणि तो सिस्टरांना दाखवितो.