शालेय परसबाग : पानांवरून अन्नद्रव्यांची उणीव कशी ओळखावी ?

(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर-अभ्यास व कार्यानुभव)

प्रास्ताविक : शाळेच्या परसबागेतील भाजी मुलांच्या पानात पडते. त्यामुळे रोप पिवळे पडले म्हणजे पिकाबरोबर मुलांच्या आहाराचेही नुकसान होते. अशा वेळी मूठभर युरिया टाकण्याचा मोह होतो; परंतु रोपाला नत्राऐवजी पालाश हवे असेल, तर त्या युरियाने रोग बरा न होता उलट बळावतो. म्हणून शिक्षकांनी प्रथम निदान व मग उपाय हा क्रम मुलांच्या मनावर ठसवावा.

जमिनीचा विचार : वीर व महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील जमीन तांबूस, निचऱ्याची व आम्लधर्मी आहे. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर वा त्याहूनही अधिक पाऊस पडत असल्याने नत्र, पालाश व मॅग्नेशियम धुपून जातात. स्फुरद जमिनीत असूनही लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडले जाते आणि मुळांना मिळत नाही. लोहाची उणीव मात्र येथे क्वचितच आढळते. मातीचा तांबडा रंगच लोहाची साक्ष देतो.

मुख्य तत्त्व : मुलांना पहिला प्रश्न विचारावा, 'आधी कोणते पान बिघडले, खालचे की शेंड्याचे ?' नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये रोपात फिरती आहेत. टंचाई पडली की रोप ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरविते. म्हणून खालची पाने आधी बिघडतात. लोह, गंधक व कॅल्शियम सहसा जागा सोडीत नाहीत. त्यांची उणीव शेंड्याकडे दिसते.

खालच्या पानांवरील लक्षणे :
१. नत्र – संपूर्ण पान सारखे फिकट पिवळे, वाढ खुंटते.
२. स्फुरद – पान गडद हिरवे, खालून जांभळट, रोप खुजे.
३. पालाश – पानाच्या कडा पिवळ्या होऊन करपतात.
४. मॅग्नेशियम – शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.

शेंड्याकडील लक्षणे :
१. गंधक – कोवळे पान सर्वत्र फिकट.
२. लोह – कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.
३. कॅल्शियम – टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडते. पाणी अनियमित दिल्यानेही असे होते.

सावधगिरी : भेंडीच्या पानावर शिराच पिवळ्या होऊन जाळी दिसली, तर ती उणीव नव्हे; तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग होय. खताने तो जात नाही, रोप उपटून नष्ट करावे. तसेच आषाढ-श्रावणात वाफ्यात पाणी तुंबले तर मुळे गुदमरून पाने पिवळी पडतात. तेथे आधी चर काढावा.

उपाय : नत्रासाठी कुजलेले शेणखत व गिरीपुष्पाचा पाला घालावा, वाल-चवळीची फेरपालट करावी. पालाशासाठी चुलीची राख थोडी व पसरून टाकावी. राबाच्या राखेचा गुण आपल्या शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेच. राख युरियाबरोबर मिसळू नये. नत्र वायुरूपाने उडून जाते. पानावरील निदान हा अंदाज होय. त्याची खात्री माती-परीक्षणाने करावी. त्यासाठी बागेतील पाच-सहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातील अर्धा किलो नमुना द्यावा. शेतकऱ्यांसाठी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. ज्या पालकांकडे ती पत्रिका असेल, ती वर्गात वाचून दाखवावी.

प्रात्यक्षिक : पिवळ्या पडलेल्या ओळीचे दोन भाग करावे. एका भागास उपाय करावा, दुसरा तसाच ठेवावा. पंधरा दिवस मुलांनी वहीत तारीखवार नोंद करावी. करपलेली कडा पुन्हा हिरवी होत नाही. म्हणून नवीन पाने पाहूनच निर्णय करावा.

स्वाध्याय :
१. मॅग्नेशियम व लोह यांच्या उणिवेत फरक कसा ओळखाल ?
२. आपल्या परसबागेतील एका आजारी रोपाचे चित्र काढून त्याचे कारण लिहा.